उचलायचा नसलेला फोन

आमच्या घरात एक नियम होता. सकाळी बाबांचा फोन आला की तो उचलायचा नाही.

ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, म्हणून सांगते. माझे बाबा वसईजवळ सांडोरला वाडीत राहतात, आई गेल्यापासून एकटेच. वय चौऱ्याहत्तर. मी विरारला, बोळिंजमध्ये, चौथ्या मजल्यावर, नवरा आणि मुलगी यांच्यासोबत. अंतर फार नाही, पण नोकरी सांभाळून रोज उठून जाण्याइतकं जवळही नाही. तर बाबा सकाळी उठायचे, चहा प्यायचे, वाडीत जाऊन मोटार चालू करायचे आणि केळींच्या पाटाला पाणी लागलं की मला फोन लावायचे. दोन रिंगा द्यायच्या आणि कट करायचा. म्हणजे मी उठलो, मोटार लागली, मी ठीक आहे. त्यानंतरच माझा चहा माझ्या घशाखाली उतरायचा.

कॉलला पैसे पडायचे तेव्हाची ही रीत. आता रिचार्ज मारला की महिनाभर बोलत बसा, पण बाबांचं म्हणणं, "मी हाय एवढंच सांगायचं ना? त्याला बोलायला कशाला पायजे?" आई गेली त्या वर्षी एकदा मी उचलला. मला त्यांचा आवाज ऐकायचा होता, दुसरं काही नाही. तर पलीकडून ओरडलेच, "कशाला उचललास? काय झालं? कोन आजारी हाय?" त्यांना वाटलं, माझ्याकडेच काहीतरी घडलंय. दुपारपर्यंत त्यांची छाती धडधडत होती म्हणे. संध्याकाळी मला तासभर बोलणी खावी लागली. तेव्हापासून कानाला खडा. फोन वाजला की हात पुढे जायचाच नाही, इतकी सवय झाली.

दिवाळीनंतर बाबांना चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या दिल्या आणि एकटं राहू नका म्हणून बजावलं. मी म्हटलं, चला बोळिंजला. तर म्हणाले, "चौथ्या माळ्यावर मी काय करू? कुंडीला पानी घालू?" एकदा ते पाटाच्या कडेला बसलेले दिसले, शेजारच्या काकींनी मला कळवलं. विचारलं तर म्हणे, गवत काढत होतो. गवत कसलं डोंबलाचं! चक्कर आली होती. पण कबूल करतील तर ते बाबा कसले. म्हणून त्या दोन रिंगांवर माझा सगळा जीव टांगलेला असायचा.

आणि नेमकं तेव्हाच मी फोन बदलला.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्याचे पैसे घ्यायचे. नवरा म्हणतो, हे काम नाही, हा तुझा स्वभाव आहे. असेलही. माझा जुना फोन चांगला ठणठणीत होता, पण एका अपडेटनंतर असा काही मंद झाला की चहा उकळेपर्यंत कॅलेंडर उघडायचं नाही. दुकानदार म्हणाला, मॅडम, तीन वर्षं झाली, आता नवीनच घ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षांत वस्तू म्हातारी होते? आमच्याकडे मिक्सर अठरा वर्षं चालतो! ऑफिसातल्या एकीने तेव्हा ओपन सोर्स फोनचं सांगितलं. त्याचा सगळा प्रोग्रॅम उघडा असतो, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. मागचं झाकण नखाने उघडतं. बॅटरी आपली आपण बदलायची. आणि बाजूला बारीक खटके. एक खाली केला की माईक बंद, दुसऱ्याने कॅमेरा, तिसऱ्याने नेटवर्क. खरोखरचं बंद, तार तुटल्यासारखं. मी वेडीच झाले. मागवला.

नवऱ्याने हातात घेऊन वजन केलं. "वीट आहे."

"असू दे. माझी वीट आहे."

बाबांना दाखवला तेव्हा त्यांनी एकेक खटका खालीवर करून पाहिला आणि विचारलं, "आणि यातून बोलता येतं काय?"

मी हसले होते. पण सोनाराने कान टोचावेत तसं ते वाक्य पुढे महिनाभर टोचत राहिलं.

इंटरनेट चालायचं, मेसेज यायचे, नकाशा चालायचा. घोडं पेंड खात होतं ते साध्या कॉलवर. आजकाल कॉल फोर-जीवरूनच जातात. त्यासाठी फोनने टॉवरकडे वेगळी नोंद करावी लागते, आणि माझा फोन ती नोंद करायचा, मग विसरायचा. वर पाच दांड्या उभ्या, आणि फोन लावणाऱ्याला ऐकू काय येतंय, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर! मला पत्ताही लागायचा नाही. स्क्रीनवर सगळं हिरवंगार.

पहिल्यांदा कळलं ते असं. पावणेसात वाजले, सात वाजले. रिंग नाही. मी पोळ्या लाटत होते, लाटणं तसंच हातात. सव्वासात. मी लावला फोन तर बाबा शांतपणे म्हणाले, "मी कवाच दिला. ती बाई बोलली, बाहेर हाय म्हनून. मना वाटलं, लवकर ऑफिसला गेलीस." मी भिंतीला टेकून खालीच बसले. मुलगी धावत आली, आई, काय झालं? काही नाही म्हटलं. काही नव्हतंच झालेलं. ह्या भीतीचं हेच तर वाईट, दाखवायला हातात काही नसतं.

त्यानंतर माझ्या सकाळी नासल्या. साडेसहालाच फोन हातात घेऊन बाल्कनीत उभी राहायची. नेटवर्कचा खटका खाली, खटका वर, म्हणजे नोंद नव्याने होईल. मुलीला म्हणायची, लाव गं मला एक फोन, पप्पांच्या मोबाइलवरून. ती डोळे चोळत लावायची. वाजला की जिवात जीव. मग वाटायचं, ही लावत होती त्याच वेळी बाबांनी लावला असेल तर? पुन्हा बाल्कनी. कधी रिंग यायची, कधी नाही. नाही आली की मी लावायची, आणि बाबा वैतागायचे, "रोज रोज काय चाललंय तुझं? मी मेलो काय बघतेस?"

"असं बोलू नका हो बाबा!"

"मग फोन बदल."

नवराही तेच म्हणत होता. एक साधा बटणांचा डबडा घे, सिम त्यात टाक, ही वीट ठेव वायफायवर खेळायला. अगदी बरोबर बोलत होता. आणि म्हणूनच मला ते सहन होत नव्हतं. ऑफिसात सगळ्यांना तो फोन दाखवून झाला होता, कंपन्यांच्या मनमानीवर भाषणं ठोकून झाली होती. आता डबडा घेऊन कुठल्या तोंडाने जाणार? खोटं कशाला सांगू, हट्टच होता तो.

मी दुसरा उपाय काढला. बाबांना म्हटलं, माझा नाही लागला तर ह्यांना द्या रिंग. ते असे बघायला लागले की मी जणू त्यांना भीक मागायला सांगतेय.

"जावयाला मिस कॉल देऊ? अकलेचा भाग हाय काय तुझ्यात?"

"मग पूर्ण कॉल करा. बोला."

"सकाळी सकाळी जावयाला फोन करून काय सांगू? मोटार चालू केली म्हनून?"

मी म्हटलं, अहो, त्याला काही वाटणार नाही. "त्याला नाय वाटनार. मना वाटेल," म्हणाले. विषय संपला. सासऱ्याने जावयाला मिस कॉल द्यायचा नसतो, हे कुठल्या पोथीत लिहिलंय देव जाणे. पण आमच्या वाडीत कुणालाही विचारा, कुणीही देणार नाही. आणि नातीला दिला असता, तर तिचा फोन शाळेच्या वेळेखेरीज कपाटात. तो नियम मात्र मीच केलेला.

त्या फोनवाल्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. मी रोज दुपारी डबा खाताना तिथे बसायचे. फोनमध्ये लॉग असतो, म्हणजे आत काय काय घडलं त्याची सेकंदासेकंदाची नोंद. ते लॉग मी तिथे टाकायचे. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातले लोक ते वाचून सुचवायचे, हे करून बघ, ते करून बघ. मला त्यांचं कौतुक वाटायचं, खरंच. कोण कुठली बाई, वसई-विरार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही, पण तिच्या बापाची रिंग तिला मिळावी म्हणून डोकं लावतायत. शेवटी एकाला सापडलं. टॉवर बदलला की फोन जुनीच नोंद धरून बसत होता. त्याने दहा-बारा ओळींची दुरुस्ती लिहून पाठवली. मी रविवारी दुपारी बसवली. मुलीने दहादा फोन लावला, दहादा वाजला. नवऱ्याने बाहेर नाक्यावर जाऊन लावला, वाजला. रिक्षाने स्टेशनपर्यंत गेले, तिथेही वाजला.

सोमवारी दोन रिंगा. मंगळवारी दोन रिंगा. बुधवारी दोन. महिन्याभराने मी बसून चहा प्यायले. रात्री बाबांशी बोलले तेव्हा म्हणाले, "सुधारली काय तुझी वीट?" वीट हा शब्द नवऱ्याने त्यांना पुरवला होता, तेवढं दोघांचं जमतं. मी म्हटलं, "सुधारली! आता बघाच तुम्ही."

गुरुवारी नवरा पहाटेच्या पाळीला गेला होता, मुलगी झोपली होती. मी दुधी चिरत होते. सात वाजायला पाच-सात मिनिटं असतील. फोन ओट्यावर होता. वाजला. बाबांचं नाव.

एक रिंग, दोन रिंगा. मी हसले, सुरी खाली ठेवली. तिसरी वाजली. चौथी. आज कट करायला विसरले काय म्हातारबाबा? पाचवी. मग माझ्या लक्षात आलं, म्हणजे मला वाटलं की लक्षात आलं, की काल मी बघाच म्हटलं ना, म्हणून बघतायत. माझ्या विटेची परीक्षा घेतायत. खोडकर आहेत. सहावी, सातवी. मी हात पुसून फोन हातात घेतला आणि नुसती बघत राहिले. इतक्या आठवड्यांनी तो असा खणखणीत वाजत होता, एकदाही न अडखळता. मला केवढा आनंद होत होता! उचलावा असं मनातसुद्धा आलं नाही. बाबांचा फोन उचलायचा नसतो. शेवटी तो आपोआप थांबला.

आणि मी काय केलं, तर फोरमवर लिहायला बसले. त्या माणसाला आभाराचं. आज सलग पूर्ण रिंग वाजली, वडिलांच्या फोनवरून, काहीही अडचण नाही, तुमचे फार फार उपकार. दोन-तीनदा वाचून, चुका काढून टाकलं.

साडेनऊला शेजारच्या काकींचा फोन आला. मी ऑफिसात जागेवर पोचून पिशवी खाली ठेवत होते. केळीची पानं कापायला वाडीत आलेल्या बाईला बाबा मोटारीजवळ पडलेले दिसले होते. मोटार चालूच होती. पाट भरून पाणी बाहेर आलेलं आणि बाबा त्या चिखलात एका कुशीवर. शुद्धीवर होते. उठता येत नव्हतं.

मी कशी परत आले ते सांगता येणार नाही, कारण आठवत नाही. वसईच्या हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा त्यांना आत घेतलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठ निळे पडलेले, केसांत चिखल, आणि अंगावर दोन ब्लँकेटं घालूनही दात वाजत होते. अडीच तास. अडीच तास ते तसे पडून होते. मोटार लावली, चक्कर आली, पडले. पडल्या पडल्या खिशातून फोन काढला. बटणं दिसत नव्हती, पण शेवटचा नंबर नेहमी माझाच, हिरवं बटण दोनदा दाबलं की लागतो. तेवढा एकच कॉल झाला. मग फोन हातातून सुटून पाण्यात गेला. हाका मारल्या, पण मोटारीच्या आवाजात कोण ऐकणार?

खाटेभोवती काकी, काका, पानं कापणारी बाई, सगळे उभे होते. मला बघून बाबा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिला लावला होता. नाय लागला. हिचा फोन बिगडलाय ना."

काकी हळहळल्या. "बिचारी. तिचा काय दोष?"

मीही हो म्हटलं. "हो, बिघडलाय."

नवरा आला तो बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. रागावेल असं वाटलं होतं. हळूच म्हणाला, "मी सांगत होतो ना." मी मान हलवली. एरवी त्या फोनविषयी कुणी एक शब्द बोलला तर मी चार ऐकवले असते. आता मूग गिळून बसले. आत्याने, मावशीने, चुलत्यांनी, आलेल्या प्रत्येकाने त्या फोनला नावं ठेवली, कुठले कुठले भिकार फोन घेता म्हणून, आणि मी प्रत्येकासमोर मान हलवली. मला ते सोयीचं होतं. लाज वाटते, पण सोयीचं होतं.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा बाहेर बसून मी लॉग उघडला. का, ते माहीत नाही. कदाचित मनात कुठेतरी आशा होती की काहीतरी सापडेल, एखादी लाल ओळ, एखादी गफलत. सगळा जन्म चुका शोधण्यात गेला, एक चूक सापडू नये? कॉल आला. रिंग सुरू. बेचाळीस सेकंद. रिंग थांबली. उत्तर नाही. फोनने जे करायचं ते सगळं जसंच्या तसं केलं होतं. खाली फोरमवर माझ्या त्या निरोपाला उत्तरं येऊन पडली होती. लोक आनंदले होते. एकाने लिहिलं होतं, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

ऑपरेशन नीट पार पडलं. रविवारी बाबांना उशाला टेकून बसवलं. दुपारी आत्या येऊन गेली. तिच्यासमोरही पुन्हा तेच, "फोन नाय लागला, पोर काय करनार?" आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. तो हात मला सोसला नाही. खोलीत आम्ही दोघंच उरलो, शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला होता.

मी म्हटलं, "बाबा, फोन लागला होता."

ते खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "मना माहीत हाय."

"तुम्हाला माहीत आहे?"

"रिंग जात होती ना. मना ऐकू येत होतं."

मला रडू फुटलं. तिथेच, नर्स सलाईन बदलायला आत आली तरी थांबेना. तिने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि बाटली बदलून गेली. मी म्हटलं, "मग तुम्ही सगळ्यांना असं का सांगितलंत?"

"काय सांगू? पोरीने उचलला नाय म्हनून सांगू?" त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात अजून गारच होता. "तुझं काय चुकलं? मीच शिकवलं ना, उचलायचा नाय."

मी नुसती मान हलवत राहिले. नाही, नाही, असं काहीतरी म्हणत असेन. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. मग, जसं काही स्वतःशीच, म्हणाले,

"दोन रिंगांवर कापला नाय मी. वाटलं, तेवढ्यावरून कळेल तुला."